गाणाऱ्या तिघी बहिणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनासाठी गल्लीतील पाच मुलींनी मिळून गाणी बसविण्याचे ठरविले, तेव्हा पेटीच्या साथीला म्हणून त्या माझ्याकडे येऊ लागल्या. वये तेरा ते सतरा. एके दिवशी पेटी आवरता आवरता त्यांतील धाकटीने आपल्या मोबाईलवर परदेशातील मुलींचा एक गाणारा चमू मला दाखविला आणि विचारले, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का हो? मुलीमुलींनी मिळून गायचं, अन् लोकांनी तिकीट काढून ऐकायला यायचं?"

"होतं की," असे मी म्हणून गेले खरी. पण काय होते ते नीट सांगावयाचे तर एका संध्याकाळचे काम नव्हे. स्मरणिकेच्या संपादिका बाईंनी लेखाचा आग्रह धरलाच होता. तेव्हा त्या मुलीचे उत्तर येथेच देते.

प्रथम दूरदेशीचे सांगून टाकते, कारण मुलींचे कुतूहल तेथलेच होते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी बॉसवेल आडनावाच्या तीन बहिणी होत्या. मार्था, कॉनी आणि व्हेट. १९२५ च्या मार्च महिन्यात त्यांचे गाणे पहिल्याने तबकडीवर उतरले तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची, मधली सतरा आणि धाकटी अवघी तेरा वर्षांची होती. मधल्या कॉनीला लहानपणापासून चालता येत नसे, ती बसूनच गाई. पुढे रेडिओने त्यांचे नाव देशभर नेले. परंतु १९३६ साली, तिघींची लग्ने झाल्यावर, त्यांचे एकत्र गाणे थांबले. नंतरच्या पिढीत, १९५७ साली न्यू जर्सीतील पॅसेइक या गावच्या चार शाळकरी कृष्णवर्णीय मुली शाळेच्या कार्यक्रमात गायल्या. वर्गमैत्रिणीच्या आईची लहानशी रेकॉर्ड कंपनी होती, तिने त्यांना हेरले. पुढे 'शिरेल्स' या नावाने त्या चौघी इतक्या गाजल्या की १९६१ च्या जानेवारीत त्यांचे गाणे साऱ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मुलींच्या कृष्णवर्णीय चमूला हा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. पण पैशाचे काय? तुमचा वाटा जपून ठेवला आहे, एकवीस वर्षांच्या झालात की मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या एकवीस वर्षांच्या झाल्या, आणि जपून ठेवलेले काहीच नव्हते. गाणे मुलींचे आणि गल्ला दुसऱ्याचा, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता आपल्याकडे वळू. बॉसवेल भगिनींतील मार्था ज्या १९०५ साली जन्मली, त्याच साली मिरजेस एक मुलगी जन्मास आली. तिचे घरातले नाव चंपाकली. पुढे महाराष्ट्र तिला हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखू लागला.

मिरज म्हटले की लातूरकरांना आता पाण्याची रेल्वे आठवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली, तेव्हा माझ्या माहेरची माणसे स्टेशनवर डोळे पुसत उभी होती. परंतु त्याच वाटेने फार पूर्वी बार्शी लाईटची अरुंद गाडी धावत असे. ती १९११ साली लातुरास आली आणि १९२७ साली तिचे दुसरे टोक पंढरपूरवरून मिरजेस भिडले. आम्ही निजामाच्या राज्यात, मिरज एका संस्थानिकाच्या, आणि मधला मुलूख इंग्रजांचा. मध्ये करोडगिरीचे नाके. तरी त्या गाडीतून विठोबाचे वारकरी जात, गंजगोलाईतल्या अडतीचा माल जाई, आणि येताना कोणाच्या तरी वळकटीत जपून बांधलेली एखादी तबकडीही येई. आमच्या वाड्यातील फोनो आजोबांनी रझाकारीच्या आधी घेतला होता. त्याबरोबरच्या तबकड्यांपैकी दोन हिराबाईंच्या होत्या. माझी आत्या त्यांना 'आपल्या गाडीच्या गावची बाई' म्हणे.

हिराबाईंचे वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीमखाँ. आई ताराबाई माने या बडोद्याच्या राजघराण्याच्या नात्यातील सरदार मारुतराव माने यांच्या कन्या. खाँसाहेब बडोद्यास दरबारी गवई असताना ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या, आणि अखेरीस दोघांनी बडोदे सोडून मुंबई गाठली. त्या काळी हे केवढे धाडस होते हे निराळे सांगावयास नको. त्यांना पाच मुले झाली. थोरला मुलगा, मग चंपाकली, पुढे आणखी एक मुलगा आणि दोन मुली. सर्वांत धाकटी सकीना १९१३ साली जन्मली. पुढे नवराबायकोचे पटेना. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही त्यांनी बदलली. थोरला अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला, त्याचा धाकटा भाऊ कृष्णराव, चंपाकली हिराबाई झाली, मधली मुलगी कमलाबाई आणि धाकटी सकीना सरस्वती. मुलींनी आपले आडनाव आईच्या गावावरून घेतले, बडोदेकर. सरस्वतीबाई लग्नानंतर राणे झाल्या.

पाच मुले, नवरा नाही, माहेरची दारे बंद. ताराबाईंजवळ भांडवल एवढेच, की मुलांच्या गळ्यात गाणे होते. आता येथे एक पेच आहे आणि तो आजच्या मुलींना समजावून सांगावा लागतो. त्या काळी बाईने लोकांसमोर गायचे म्हणजे एक तर बैठकीत गायचे, जेथे पैसेवाला यजमान आणि त्याचे मित्र लोडाला टेकून बसत, आणि बाईने अदा करून त्यांचे मन रिझवावे अशी अपेक्षा असे. त्या गायिकांची विद्या थोर होती. १९०२ साली भारतात तबकड्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा कंपनीवाल्यांनी पहिल्या गायकांत कलकत्त्याच्या गौहरजानलाच गाठले होते. परंतु समाज तिची तबकडी घरात घेई आणि तिला घरात घेत नसे. नाही तर बाईने गायचेच नाही. ओवी जात्यावर, गाणे मंगळागौरीला, अंगाई पाळण्याशी. मधली वाट नव्हती. ताराबाईंना आपल्या मुलींसाठी ती मधली वाट हवी होती.

शिक्षण मात्र कच्चे ठेवले नाही. हिराबाई प्रथम भावाकडे, सुरेशबाबूंकडे शिकल्या. मग खाँसाहेबांचेच नातलग असलेले वहीदखाँ यांची त्यांना तालीम मिळाली. त्यांना ऐकू कमी येई म्हणून लोक त्यांना बहिरे वहीदखाँ म्हणत. पण सुराच्या बाबतीत त्यांच्याइतके तीक्ष्ण कान थोडेच असतील. एकेक स्वर घेऊन राग हळूहळू उलगडीत नेण्याची त्यांची पद्धत, ती हिराबाईंच्या गळ्यात उतरली. १९२१ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईस विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात भरलेल्या संगीत परिषदेत त्या पहिल्याने जाहीर गायल्या.

सोळा वर्षांची मुलगी. अंगावर पदर नीट घेतलेला, मांडी घालून बसलेली, हातवारे नाहीत, नेत्रकटाक्ष नाहीत. तानपुऱ्यात आपला सूर मिसळून ती गाऊ लागली की ऐकणाऱ्याला गाण्यावाचून पाहण्याजोगे दुसरे काही उरू नये, अशी ती बसण्याची रीत होती. आज आपल्या मुली कार्यक्रमात अशाच बसतात आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. वाटत नाही, कारण ते आधी कोणीतरी करून ठेवले.

त्यानंतरचे पाऊल माझ्या मते अधिक मोठे. तिकीट लावून जाहीर मैफल करणारी पहिली भारतीय गायिका म्हणून हिराबाईंचे नाव घेतले जाते. ऐकावयास साधी वाटणारी गोष्ट आहे. पण विचार करावा. यजमानाच्या बैठकीत कोणी यावे हे यजमान ठरवितो, गाणे कधी थांबवावे हेही तोच ठरवितो, आणि बिदागी त्याच्या मर्जीची. थिएटरात तिकीट लावले की जो पैसे देईल तो येऊन बसेल, आपल्या बायकोमुलींना घेऊन बसेल. गाणारी बाई कोणा एकाची उपकृत राहत नाही. लोडाच्या जागी खुर्ची आली, आणि त्या खुर्चीवर बायकाही येऊन बसल्या. वर शिरेल्स मुलींच्या गल्ल्याची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितले ते याचसाठी. येथे तिकिटाची पेटी घरच्यांच्या हाती होती.

पुण्यास या मायलेकरांनी नूतन संगीत विद्यालय काढले आणि मुलींना गाणे शिकविण्यास आरंभ केला. १९२९ साली त्या विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. आता त्यातली गंमत पाहा. त्या साली बालगंधर्व चाळिशीला पोहोचले होते आणि रंगभूमीवरची सुभद्रा अजून तेच होते. स्त्रियांची कामे पुरुषांनी करावयाची ही रीत. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या, पण तेथे अर्जुन आणि कृष्णही बायकाच होत. बडोदेकर भगिनींच्या रंगमंचावर बाई बाईचे काम करी आणि पुरुष पुरुषाचे, दोघे एकाच प्रवेशात. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'एकच प्याला' ही जुनी गाजलेली नाटके त्यांनी केली. 'साध्वी मीराबाई' हेही केले. हिराबाई चोवीस वर्षांच्या, सरस्वतीबाई सोळा, कमलाबाई मधल्या. तिघी बहिणी एका रंगमंचावर, आणि घरचे भाऊही सोबतीस. पडद्यामागे आई.

कमलाबाईंविषयी फार लिहिले गेलेले नाही. दोन नावाजलेल्या बहिणींमधली बहीण असणे काय असते ते घरोघरच्या मधल्या मुलींना विचारावे. त्याही गायल्या, त्यांनीही कामे केली.

चमू म्हणायचा तर हाच. एका नावाखाली त्यांनी तबकड्या काढल्या नाहीत, प्रत्येकीचे नाव निराळे छापले जाई. परंतु एका घरातून, एका तालमीतून, एका रंगमंचावरून पुढे आलेल्या तिघी म्हणून आमच्या आजीच्या पिढीने त्यांना एकत्रच ओळखले.

नाटक कंपनी मात्र फार चालली नाही. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा', आणि बोलपटापुढे नाटक कंपन्या एकेक करीत बसल्या. यांचीही बसली, तोटा सोसून. मग बहिणींनी दुसरे मार्ग धरले. हिराबाई बाबूराव पेंटरांच्या 'प्रतिभा' या १९३७ सालच्या चित्रपटात दिसल्या. 'जनाबाई' चित्रपटातही त्यांनी काम केले. आपल्या गंगाखेडची जनी मिरजेच्या गायिकेने साकार केली, हे मला फार गोड वाटते. सरस्वतीबाई १९३३ पासून रेडिओवर गाऊ लागल्या. पार्श्वगायन ही गोष्ट नवी होती तेव्हा ते करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्या होत्या. १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटात सीतेच्या, म्हणजे शोभना समर्थांच्या, तोंडी असलेले वीणेचे भीमपलासी रागातील गाणे सरस्वतीबाईंचे. शंकरराव व्यासांच्या चालीवरचे ते गाणे देशभर घरोघर गेले. शास्त्रीय गाणारी मुलगी आणि लोकप्रिय गाणे गाणारी मुलगी या दोन निराळ्या असाव्यात असे आज मानतात. तेव्हा तसे नव्हते.

आता तबकडीविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास वाजे. चावी भरायची, नवी पिन लावायची, घरघर सुरू झाली की सगळ्यांनी गप्प बसायचे. वहीदखाँची तालीम म्हणजे एक राग तास दीड तास. तो सव्वातीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आख्खा डोंगर ओंजळीत घ्यावयाचा. हिराबाईंनी तो घेतला, आणि घाई न दिसू देता घेतला. उगीच तानांची आतषबाजी नाही, शब्द स्वच्छ, सूर जेथे लावायचा तेथेच लागलेला. ज्यांनी जन्मात मैफल पाहिली नाही अशा लातूर, नांदेड, परभणीच्या बायकांना ख्याल म्हणजे काय ते या काळ्या तबकडीने कळले. ती वाकून पुन्हा पुन्हा ऐकून गाणे उचलता येई. गुरू नव्हता, पण चावी होती.

माझ्या आत्याने असेच उचलले. तिचा जन्म १९३० चा. तेराव्या वर्षी तिचा गळा असा होता म्हणे की चौकातली माणसे वाड्याच्या दारापाशी थबकत. तेच तिच्या मुळावर आले. एके दिवशी आजी म्हणाली, "बस झालं आता माय. दारावरून माणसं जातेत." एवढेच. रागे भरली नाही, मारले नाही. दुसऱ्या दिवसापासून फोनो माडीवर गेला, आणि पुढल्या वर्षी आत्याला पाहायला पाहुणे आले तेव्हा 'गाता येते का' हा प्रश्न कोणी विचारलाच तर 'देवाची आरती म्हणते' असे सांगावयाचे ठरले. हिराबाई तेव्हा पुण्यामुंबईस तिकीट लावून गात होत्या. तबकडी आमच्या घरात होती, वाट मात्र घरापर्यंत पोहोचली नव्हती. मी आत्याला गाताना ऐकले ते फक्त स्वयंपाकघरात, फोडणीच्या आवाजाआड.

मी आजीला दोष देत नाही. आमच्याकडे मुलगी गाते असे म्हटले की लोक बैठकीचाच अर्थ घेत, आणि एका आईने आपल्या मुलीस राखण्यासाठी जे सुचले ते केले. ताराबाईंनीही आपल्या मुलींना राखलेच, पण रीत उलटी. मुलींना माडीवर नेण्याऐवजी त्यांनी गाण्यालाच शाळेचे छप्पर घातले, दाराशी तिकिटाची खिडकी लावली आणि मग दार उघडे ठेवले. त्यासाठी त्यांना माहेर, नवरा, मुलांची नावे, सगळे ओलांडावे लागले. असे ओलांडणे प्रत्येकीला जमेल असे मी म्हणत नाही.

खाँसाहेब १९३७ साली वारले. मद्रासकडे प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर त्यांना बरे वाटेना म्हणून गाडीतून उतरवले, तेथेच त्यांनी प्राण सोडला. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले, आणि तेथील उरुसात गवई त्यांच्या स्मरणार्थ गाऊन जातात. सुरेशबाबू १९५३ साली गेले. हिराबाईंना १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण मिळाले. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या सुरेशबाबू आणि हिराबाईंच्या हाताखाली तयार झाल्या.

बॉसवेल बहिणींचे एकत्र गाणे लग्नांनी थांबले, हे वर सांगितले. आपल्याकडे उलट घडले. १९६५ च्या सुमारास, हिराबाई साठीच्या आणि सरस्वतीबाई पन्नाशी ओलांडलेल्या असताना, दोघी बहिणींनी जोडीने जुगलबंदी गावयास आरंभ केला. दोन स्त्रियांची अशी जुगलबंदी तोवर झाली नव्हती असे सांगतात. १९८० पर्यंत त्या दोघी तशा गात होत्या. हिराबाई १९८९ साली गेल्या, सरस्वतीबाई २००६ साली, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन.

आमच्या पाच मुलींपैकी एकीच्या वडिलांनी प्रथम नकार दिला होता. स्टेजवर, माईकसमोर, परक्या पुरुषांसमोर नको, घरात काय ते म्हणू दे, असे म्हणाले. हे गेल्या श्रावणातले बोलणे आहे, शंभर वर्षांपूर्वीचे नव्हे. मी, आपल्या अध्यक्षीण बाई आणि मुलीची आजी अशा तिघी त्यांच्याकडे जाऊन बसलो. आजीच शेवटी म्हणाल्या, "अरे बाबा, तूही ये की तिकीट काढून." ते हसले. होकार लगेच दिला नाही, चार दिवसांनी दिला.

कार्यक्रमाला दहा रुपयांचे तिकीट ठेवले आहे. पेटीजवळ मुलींपैकीच एकीला बसवायचे, आणि जमलेले पैसे तानपुऱ्यासाठी त्यांच्याच नावे ठेवायचे असे मंडळाच्या बैठकीत ठरले. तानपुरा मिरजेहून मागवावा असे मी सुचविले आहे.

आत्या १९८६ साली माझ्याकडे नांदेडला महिनाभर राहिली होती. एका रात्री रेडिओवर सरस्वतीबाईंचे गाणे लागले. आत्या भाजी निवडीत होती. तिने भाजी बाजूला सारली, रेडिओचा कान पिळून आवाज मोठा केला आणि खिडकी उघडली. मग बाईंच्या खालच्या सुरात सूर मिळवून ती गाऊ लागली, बेताने, पण रस्त्यावर ऐकू जाईल असे. समोरच्या दुकानातील माणूस मान वर करून पाहू लागला. आत्याने खिडकी लावली नाही.